डाव्या गुडघ्याविषयी

कोल्हापूर

चि. सानिकास,
अनेक आशीर्वाद.

लांब उडीच्या फळीवर पाय टेकताना डावा गुडघा दुखतो, हे तू काल आईला जाता जाता सांगितलेस आणि लगेच दादाच्या साखरपुड्याकडे वळलीस. बालेवाडीच्या स्पर्धेसाठी आशीर्वाद द्यावेत आणि गुडघ्याचे नाव काढू नये, असे ठरवून लिहायला बसलो होतो, पण राहवत नाही.

तू पाठवलेला व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा पाहिला. शेवटून दुसरे पाऊल किंचित लांब टाकून शरीर खाली घेणे तुला आता साधले आहे, आणि ते पाहताना आत्याच्या उसातला पाट ओलांडणारी, आबांनी काठीने ओढलेल्या रेघेवरून हुज्जत घालणारी तू आठवलीस. अकरावीत तू विचारले होतेस, पुस्तकाप्रमाणे ४५ अंशांत फेकलेली वस्तू सर्वांत लांब जाते, तर लांब उडीचे नामवंत खेळाडू २० अंशांच्या आसपासच का उडतात? इतका चांगला प्रश्न मला वर्गात क्वचितच कोणी विचारला आहे. धावेचा वेग वर वळवायला पायाला फळीवर जेमतेम ०.१२ सेकंद मिळतो आणि कोन अधिक चढा हवा असेल तर पुढचा वेग फार गमवावा लागतो, हे उत्तरही तूच शोधलेस. पण तेवढ्या वेळात शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार एकटा पाय पेलतो, आणि गुडघा जास्त वाकला की कमावलेला वेग वाया जातो. दुखरा गुडघा कितीही बजावले तरी वाकतोच. पाय सुटल्यावर हवेत हातपाय कसेही हलवले तरी गुरुत्वमध्याचा, म्हणजे शरीराच्या वजनाच्या मध्यबिंदूचा, मार्ग बदलत नाही, फक्त पुढे कोलमडणे टळते. म्हणजे जे घडायचे ते त्या डाव्या पायावरच घडते.

हा तासच झाला, रागावू नकोस. तुझे प्रशिक्षक माझ्याहून जाणते आहेत. तरीही मुरली श्रीशंकरकडे पाहा. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८.०८ मीटर उडी मारून रौप्यपदक मिळवणारा हा खेळाडू २०२४ मध्ये सरावात गुडघा दुखावल्यामुळे पॅरिस ऑलिंपिकला मुकला, आणि उपचार व विश्रांती घेऊन २०२५ मध्ये मैदानावर परतला. तुला परतायला वय आहे. ही एक स्पर्धा हुकली तर घरात कोणीही, तात्यासुद्धा, एक शब्द बोलणार नाहीत.

सरावाआधी फिजिओंना गुडघा दाखव आणि ते काय म्हणाले ते मला स्वतः फोन करून सांग, आईमार्फत नको.

तुझे बाबा