जिल्हा रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षक ताईंस, एका आईकडून

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमचे नाव या पत्रात लिहीत नाही, कारण असे जाहीर कौतुक तुम्हाला आवडणार नाही. माझ्या मुलाचेही नाव लिहीत नाही. ते तुम्हाला ठाऊक आहे, आणि गेल्या दीड वर्षात आमच्या घरी येऊन ते न कचरता उच्चारणाऱ्या मोजक्या माणसांपैकी तुम्ही एक आहात. तरीही पत्र उघडपणे लिहिते आहे, कारण सरकारी रुग्णालयात 'समाजसेवा अधीक्षक' असे एक पद असते आणि त्या पदावरचे माणूस कोणासाठी काय करू शकते, हे आमच्यासारख्या घरांना वेळ आल्याशिवाय कळत नाही.

मुलगा गेला त्या दुपारी शवविच्छेदन कक्षाबाहेरच्या बाकावर हे एकामागून एक कागदांवर सह्या करत होते आणि आपण कशावर सही करतो आहोत याचे त्यांना भान नव्हते. तुम्ही शेजारी येऊन बसलात आणि प्रत्येक कागद सावकाश वाचून दाखवलात : हा पंचनामा, हा तुमचा जबाब, ही अकस्मात मृत्यूची नोंद, अशा प्रत्येक मृत्यूनंतर ती कायद्याने करावीच लागते, तुमच्यावर कोणी संशय घेतलेला नाही. हे शेवटचे वाक्य आम्हाला त्या क्षणी किती हवे होते, ते तुम्हाला न सांगताच समजले होते. थोड्या वेळाने त्याचे मनगटी घड्याळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून आमच्या हाती आले. तुम्ही ते पिशवीतून काढलेत, काच ओढणीने पुसलीत आणि मग यांच्या तळहातावर ठेवलेत.

तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेले होते. नंतर कोणी येईना, आणि जे येत त्यांचा एकच आग्रह असे, की बाहेर अपघात झाला असेच सांगा, धाकटीच्या लग्नाच्या वेळी लोक चौकशी करतील. यांनी तर कचेरीत हृदयविकार असे सांगूनही टाकले होते. तुम्ही पाचव्या आठवड्यात आलात, सगळे ऐकून घेतलेत आणि आम्हाला न रागावता एवढेच म्हणालात, "तिला सगळं माहीत आहे. तिला रोज खोटं बोलायला लावलंत, तर स्वतःच्या मनातलंही ती तुमच्यापासून लपवायला शिकेल." ज्या घरात असा मृत्यू होतो तेथील भावंडांना जास्त जपावे लागते, हे तुमच्याकडूनच समजले. अकरावीत शिकणाऱ्या त्या मुलीची समुपदेशकाशी वेगळी भेट तुम्ही ठरवून दिलीत, आणि पहिल्या दोन भेटींना आम्ही टाळाटाळ करू लागलो तेव्हा स्वतः फोन करून आम्हाला तिला घेऊन यायला लावलेत. त्या रात्री आम्ही दोघांनी तिच्यासमोर प्रथमच 'आत्महत्या' हा शब्द उच्चारला. ती बराच वेळ रडली आणि मग कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

माझा प्रश्न मात्र वेगळा होता आणि तो मी तुम्हाला प्रत्येक भेटीत विचारत असे : मी आई असून मला दिसले कसे नाही? एके दिवशी तुम्ही आदल्या वर्षाचे कॅलेंडर मागितलेत. आमच्याकडे दुधाचा हिशेब त्याच्यावरच असतो. तुम्ही माझ्या शेजारी बसून एकेक पान उलटत गेलात. दुधाच्या खाड्यांच्या खुणांमध्ये माझ्याच अक्षरात 'डॉ. ४.३०', 'गोळ्या आणणे', 'पुणे, सकाळची एसटी', 'आज स्वतःहून जेवला' असे लिहिलेले होते. डॉक्टरांच्या भेटी मोजल्या, तर त्या ३१ भरल्या. तुम्ही म्हणालात, "तुम्हाला दिसलं नाही असं म्हणू नका. तुम्हाला दिसलं होतं, म्हणून तर हे सगळं लिहिलंय." त्या ३१ भेटी मी विसरूनच गेले होते, मला फक्त शेवटचा एक दिवस आठवत होता.

आमच्या चुका तुम्ही झाकल्या नाहीत, याबद्दल तर विशेष आभार. दोन महिन्यांनी त्याला बरे वाटू लागले तेव्हा त्याने गोळ्या सोडल्या, आणि नातेवाइकांच्या सांगण्यावरून आम्हीही ते चालवून घेतले. बरे वाटू लागल्यानंतरही नैराश्यावरची ही औषधे साधारणपणे निदान सहा महिने चालू ठेवतात आणि थांबवायची तर डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू थांबवतात, हे तुम्ही मी विचारल्यावर स्पष्टपणे सांगितलेत. त्याआधी एकदा त्याने जगणे नको झाल्याचे माझ्याजवळ बोलून दाखवले होते आणि मी ते डॉक्टरांपासूनही लपवले होते, कारण पोलीस केस होईल, आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारे भारतीय दंड संहितेचे कलम ३०९ लागेल, अशी भीती माझ्या मनात होती. नुसते असे बोलून दाखवणे हा गुन्हा कधीच नव्हता, आणि प्रत्यक्ष प्रयत्न करणारा माणूसही तीव्र मानसिक ताणाखाली होता असे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम ११५ गृहीत धरते; त्याला शिक्षा न करता उपचार देण्याची जबाबदारी सरकारवर टाकते. हे मला माहीत असते तर तो वाचला असता का, असे मी विचारल्यावर तुम्ही हो म्हणाला नाहीत आणि नाहीही म्हणाला नाहीत. खोटा दिलासा दिला असता, तर बाकीच्या बोलण्यावरचा माझा विश्वासही उडाला असता.

फ्रिजच्या दारावर तुमच्या अक्षरातला १४४१६ हा आकडा अजून चिकटवलेला आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलिमानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी फोनसेवेचा तो क्रमांक धाकटीसाठी म्हणून तुम्ही लिहिला होता, पण पहाटे तीन वाजता तो लावला मी. मराठीत बोलायला मिळाले, पैसे पडले नाहीत, आणि पलीकडच्या मुलीने मला फोन ठेवण्याची घाई केली नाही.

२०२२ या एका वर्षात महाराष्ट्रात २२,७४६ जणांनी आपले जीवन संपवल्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात आहे. म्हणजे दिवसाला साधारण ६२. त्या प्रत्येकाच्या मागे कोणत्या तरी बाकावर कोणी तरी कागद हातात धरून बसलेले असणार, आणि त्यातल्या कितीजणांच्या शेजारी तुमच्यासारखे कोणी येऊन बसले असेल, याचा विचार मी वारंवार करते.

वर्षश्राद्धाला यांनी सर्व नातेवाइकांसमोर, आमचा मुलगा नैराश्याने आजारी होता आणि त्याने आत्महत्या केली, असे उभे राहून सांगितले. त्यांचा आवाज कापत होता, पण ते थांबले नाहीत. धाकटी त्यांच्याजवळ उभी होती.

घड्याळ आता तिच्या हातात असते. गेल्या आठवड्यात ते बंद पडले, म्हणून परवा तिच्याबरोबर जाऊन सेल बदलून आणला. तुम्हाला हे कळवायचे होते.

आपली कृतज्ञ,
एक आई