किटवरची रेघ म्हणजे जंतू नव्हे

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या जिल्हा पानावर बातमी होती की गोळ्यांचा कोर्स पूर्ण करूनही मलेरियाची किट (थेंबभर रक्तावर रेघ उमटवणारी झटपट तपासणी) पॉझिटिव्हच येतेय, म्हणजे औषध लागू पडत नाही. मी शहाद्याकडे एका लॅबमधे रक्ताच्या स्लाइड मायक्रोस्कोपखाली बघायचं काम करतो, तेव्हापासून कोणी ना कोणी येऊन विचारतंच, "भाऊ, रेघ तं अजून दिसी ऱ्हायनी, आते काय?" लोकांचं काही चुकत नाही हो, बातमीच अर्धवट होती.

किट जंतू बघतच नाही. फॅल्सिपॅरम जातीचा जंतू तांबड्या पेशीत बसून एचआरपी-२ नावाचं प्रथिन सोडतो, ते रक्तात येतं आणि बहुतेक किटवरची फॅल्सिपॅरमची रेघ त्यावरच उमटते. जंतू मेला तरी हे प्रथिन रक्तात काही आठवडे राहू शकतं, त्यामुळे ताप उतरलेला, स्लाइड निगेटिव्ह, आणि रेघ मात्र ठळक. उलटही होतं बरं का. पेरूमधल्या अमेझॉनच्या भागात असे जंतू सापडलेत ज्यांच्यात हे प्रथिन बनवणारं जनुकच नाही, तिथे पेशंट तापाने फणफणलेला आणि एचआरपी-२ ची किट कोरी.

आता प्रथिनांचा विषय निघालाच आहे तर सांगतो, कारण पेपरात नेहमी "डास चावला, जंतू रक्तात गेला, ताप आला" एवढंच असतं, मधला खरा भाग गाळलेला. रॉस साहेबांनी १८९७ मधे सिकंदराबादला डासाच्या पोटात जंतू पाहिला, आपण अजून तिथेच. तर तांबडी पेशी स्वतःहून काही गिळत नाही, म्हणून आत शिरायचं सगळं काम जंतूलाच करावं लागतं. त्याच्या टोकाला प्रथिनांनी भरलेल्या बारीक पिशव्या असतात, पेशीला टेकला की त्या ठरलेल्या क्रमाने रिकाम्या होतात. त्यातलं आरएच-५ हे प्रथिन पेशीवरच्या बेसिजिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं. पण खरी कमाल पुढे आहे, आरओएन-२ नावाचं स्वतःचंच प्रथिन तो पेशीच्या पापुद्र्यात घुसवतो आणि मग स्वतःच्या अंगावरच्या एएमए-१ ने तेच घट्ट धरतो! म्हणजे धरायला जागाही हाच करून घेतो. मग आपल्याच जोरावर आत सरकतो, पेशीचा पापुद्रा आत दबत जातो आणि त्याच्याभोवती मिटतो. हे सगळं एखाद-दोन मिनिटांत उरकतं. मी इतकी वर्षं स्लाइडवर रिंगा (पेशीतले कोवळे जंतू) मोजतोय, पण हे वाचलं तेव्हा चहा गार झाला.

आत गेल्यावरही प्रथिनं सोडणं चालूच. फॅल्सिपॅरम तर पेशीच्या बाहेरच्या बाजूवर आपली प्रथिनं पाठवून तिला रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटवून ठेवतो, म्हणजे अशा पेशी गाळून टाकणाऱ्या प्लीहेकडे जायलाच नको. मेंदूतल्या बारीक वाहिन्यांत असं झालं की पेशंट बेशुद्ध. आणि म्हणूनच आम्हाला स्लाइडवर बहुतेक रिंगा आणि ते केळीच्या आकाराचे गॅमेटोसाइट, म्हणजे डासात जायला तयार झालेले जंतू, दिसतात (जळगाववाल्यांनी वाईट वाटून घेऊ नये), मधल्या वयाचे जंतू कुठेतरी चिकटून बसलेले असतात. व्हायव्हॅक्स या मलेरियाच्या दुसऱ्या जातीच्या जंतूची तऱ्हा वेगळी, त्याला पेशीवर डफी नावाचं प्रथिन लागतं. पश्चिम आफ्रिकेतल्या बहुतेक लोकांच्या तांबड्या पेशीवर ते नसतंच, तिथे व्हायव्हॅक्सचं फारसं चालत नाही, आपल्याकडे कुठली तशी सोय!

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमधे बनणारी आर-२१ ही मलेरियाची लस, जिला २०२३ मधे जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस दिली, ती डासाने सोडलेल्या जंतूच्या अंगावरच्या प्रथिनावरच बेतलेली आहे. आरएच-५ वरच्या लसीच्या चाचण्याही चालू आहेत. यावर कधी अर्धं पान द्या ना, वाढदिवसाच्या जाहिराती थोड्या कमी करून.

तोवर निदान एवढं तरी छापा की कोर्स संपल्यावर ताप नसेल तर त्याच किटच्या रेघेवरून मनानेच दुसरा कोर्स सुरू करू नका. ताप परत आला तर डॉक्टरांना दाखवा आणि रक्ताची स्लाइड करून घ्या. आणि व्हायव्हॅक्सवाल्यांनी प्रायमाक्विनच्या १४ दिवसांच्या गोळ्या ताप उतरला म्हणून मधेच सोडू नयेत, यकृतात लपलेला जंतू बाकीच्या नेहमीच्या गोळ्यांनी मरत नाही आणि किटवर तो दिसतही नाही.

आपला,
एक लॅबवाला वाचक
ता. शहादा, जि. नंदुरबार