सुटकेची तारीख घरच्यांना नीट कळू द्या

संपादक महोदय,

माणूस जेलमध्ये असला की घरचे शिक्षेची वर्षं बोटावर मोजत बसतात, पण हिशोब तसा चालतच नाही आणि ते त्यांना कुणी सांगतही नाही. खटला चालू असताना आत काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात (आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४६८), मग चांगल्या वागणुकीची, कामाची माफी (म्हणजे शिक्षेतले काही दिवस कमी) मिळते, पण दंड भरला नाही तर त्याबदलीची कैद वेगळी भोगावी लागते आणि त्यातून आधीचे दिवस वजा होत नाहीत, त्यामुळे दंडाची पावती खरंच जपून ठेवा. जन्मठेपेत १४ वर्षं झाली की सुटला हा तर फार मोठा गैरसमज, त्यानंतर सोडायचं की नाही ते सरकार ठरवतं.

पैठण, विसापूरसारख्या खुल्या कारागृहात (म्हणजे कमी बंदोबस्ताच्या जेलमध्ये) बदली झाली तर शेतीत काम मिळतं, माफी पण जास्त मिळते, मात्र तिथे कोणाला पाठवायचं ते निवड समिती ठरवते, हे बिचाऱ्या आईबापांना माहीतच नसतं! प्रत्येक कैद्याच्या घरी वर्षातून एकदा तरी अंदाजे सुटकेची तारीख आणि जमा माफीचे दिवस मराठीत लेखी कळवा, एवढीच कारागृह विभागाला विनंती.

– एक वाचक, सांगली