ते तैलचित्र नव्हे, आणि प्रत्यक्षदर्शीचेही नव्हे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

युरोपातील तीस वर्षांच्या युद्धावर रविवारच्या पुरवणीत आलेल्या लेखासोबत आपण जर्मनीतील मॅग्डेबर्ग या प्रोटेस्टंट शहराच्या विध्वंसाचे चित्र छापले असून, त्याखाली ‘प्रत्यक्षदर्शी चित्रकाराचे तैलचित्र’ अशी ओळ आहे. ती दोन्ही अंगांनी चुकीची आहे. माथेउस मेरियान याच्या फ्रँकफुर्टच्या प्रकाशनगृहाने काढलेल्या ग्रंथमालेतील हा छापील ठसा आहे. तांब्याच्या पत्र्यावर उलटे चित्र कोरायचे, रेषांत शाई भरून वरची पुसून घ्यायची आणि ओलसर कागद ठेवून पत्रा दाबयंत्रातून काढायचा, अशी ही रीत. कसब्यातली तांबट आळी ज्या शहरात आहे, तिथल्या वृत्तपत्राने तरी तांब्यावरचे काम ओळखावे, एवढी अपेक्षा गैर नसावी.

‘प्रत्यक्षदर्शी’ हा शब्द मला अधिक खटकला. २० मे १६३१ रोजी कॅथलिक सम्राटाच्या बाजूचे सेनापती टिली आणि पापेनहाइम यांच्या फौजा शहरात शिरल्या. सुमारे पंचवीस हजार वस्तीपैकी वीस हजारांच्या आसपास माणसे कत्तलीत आणि आगीत गेली. (जुन्या प्रोटेस्टंट मजकुरांत तारीख १० मे आढळते, ती चूक नसून जुन्या, म्हणजे ज्युलियन, पंचांगाचा दहा दिवसांचा फरक आहे.) चित्रात मात्र दिसतात ती दुरून पाहिलेली तटबंदी, नदी आणि धुराचे लोट. घराघरांत काय घडले ते त्या धुराआड राहते. युद्धाच्या बातम्या आणि वृत्तान्त जमवून विकणाऱ्या प्रकाशकाची ही मांडणी आहे. तिच्याकडे छायाचित्राच्या भरवशाने पाहिले, तर वाचक शहर जळताना पाहतो आणि माणसे मेलेली त्याच्या ध्यानातच येत नाहीत.

प्रत्यक्षदर्शीच हवा होता, तर तो फार लांब शोधावा लागला नसता. हवेचा दाब शिकवताना दोन बाजूंनी घोडे लावून ओढलेल्या ज्या अर्धगोलांचे चित्र आपण शाळेत पाहिले, त्या प्रयोगाचे कर्ते ओटो फॉन गेरिके त्या दिवशी मॅग्डेबर्गमध्येच होते. नगर परिषदेचे ते सदस्य होते, सर्वस्व लुटले जाऊनही कुटुंबासह वाचले आणि पुढे त्या संहाराचा वृत्तान्त त्यांनी लिहून ठेवला. पुढील रविवारी चित्राची ओळ दुरुस्त करताना त्या वृत्तान्तातील एखादा उतारा मराठीत करून शेजारी छापावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक,
सदाशिव पेठ, पुणे