मायक्रोस्कोप दुरुस्त करणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. पण आभार चारचौघांत मानायचेच होते.

ब्लू मॉर्मन फुलपाखराच्या पंखाचे फोटो काढायचे म्हणून मी कॅमेऱ्याला ४० एक्सचं, म्हणजे चाळीस पट मोठं दाखवणारं, ऑब्जेक्टिव्ह (मायक्रोस्कोपचं वस्तूकडचं भिंग) लावून बसलो होतो. जितकं मोठं तितकं चांगलं, एवढीच माझी समज. ते पंखापासून जेमतेम अर्ध्या मिलिमीटरवर न्यावं लागायचं. उजेड आत शिरेना, आणि एकदा टेकलंच. पुढच्या काचेवर काळी-निळी भुकटी आली, पंखाचे खवले. ते तसंच घेऊन तुमच्याकडे आलो. काच पुसता पुसता तुम्ही विचारलंत, "याच्या अंगावर काय लिहिलंय ते वाचलंस का?"

१६०/०.१७. तोवर मला तो नुसता नंबर वाटत होता. १६० म्हणजे मायक्रोस्कोपच्या नळीची लांबी मिलिमीटरमध्ये. ०.१७ म्हणजे मध्ये तेवढ्या मिलिमीटर जाडीची कव्हरस्लिप, म्हणजे नमुन्यावर ठेवायची पातळ काच, असणार असं धरून भिंगं बसवलेली. उघड्या पंखावर कव्हरस्लिप कुठली? ४० एक्सला तिची उणीव भोवते, ०.२५ एनएच्या (एनए म्हणजे भिंग किती रुंद कोनातून उजेड घेतं त्याचं माप) १० एक्सला जाणवतही नाही. १६०च्या जागी अनंताचं चिन्ह असेल तर नुसती नळी चालत नाही, मागे टेलिफोटो लेन्स लावावी लागते, हेही तुम्ही तेव्हाच सांगितलंत.

मग खणातून जुनं १० एक्स काढलंत. प्रतिमा नळीच्या तोंडाच्या १० मिलिमीटर आतच तयार होते, म्हणजे ऑब्जेक्टिव्हच्या खांद्यापासून (जिथे ते नळीला टेकतं) कॅमेऱ्याचा सेन्सर १५० मिलिमीटरवर हवा. त्यातले ४६.५ माझ्या निकॉनच्या बॉडीतच जातात. उरलेले व्हर्नियरने मोजून तुम्ही कॅमेरा आणि ऑब्जेक्टिव्ह यांच्यामधली नळी कापून दिलीत. पहिले फोटो दुधाळ आले, तर नळीला डोळा लावून बघितलंत आणि आतून काळा मखमली कागद चिकटवलात. दूध गेलं!

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ते भंगारातलं स्टँड. १० एक्सला एका वेळी जेमतेम ९ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीचा भाग स्पष्ट दिसतो. तुमच्या स्टँडच्या फाइन फोकसचा एक आकडा म्हणजे २ मायक्रॉन. दर फोटोला दोन आकडे सरकवत मी ९० फोटो काढले, फक्त फ्लॅशच्या उजेडात, श्वास रोखून. रात्री ते स्टॅक झाले, म्हणजे सगळ्यांतले स्पष्ट भाग जोडून एकच फोटो झाला, आणि खवल्यावरच्या बारीक उभ्या रेघा दिसल्या. एका ठिकाणचा खवला गळला होता. तिथे त्याचं देठ ज्यात रोवलेलं असतं ती खाचसुद्धा दिसली. मी घरातल्या सगळ्यांना उठवलं.

ऑब्जेक्टिव्ह परत द्यायला आलो तेव्हा तुम्ही हात मागे घेतलात. "माझ्याकडे खणातच पडून राहील," म्हणालात. काका, ते रोज वापरात आहे. त्या खाचेच्या फोटोची मोठी प्रिंट काढली आहे, रविवारी घेऊन येतो.