टाकीत औषध टाकण्याआधी टाकी घासा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. पावसाळा आला की पेपरात पाण्याच्या टाकीत क्लोरीनचं औषध टाका असं छापून येतं, चांगलंच आहे ते, पण टाकी आधी घासून घ्यायची हे कुणी ठासून सांगत नाही आणि खरी मेख तिथंच आहे. मी कॉलेजात मायक्रोबायॉलॉजी शिकवते म्हणून राहवलं नाही.

साठलेल्या पाण्यावर आणि पाण्याच्या रेषेला बुळबुळीत थर धरतो, लोक म्हणतात धूळ बसली. पण बऱ्याचदा तो बॅक्टेरियांनी स्वतः बांधलेला असतो, त्यालाच बायोफिल्म म्हणतात. मातीत सापडणारा बॅसिलस सबटिलिस घ्या, ग्लासात पोषक द्रावण घालून त्यात सोडला आणि दोन-तीन दिवस अजिबात हलवला नाही तर खालचा ऑक्सिजन हे बॅक्टेरियाच संपवून टाकतात, मग फ्लॅजेला म्हणजे बारीक शेपट्या फिरवत वर हवेकडे पोहत येतात आणि तिथं गर्दी झाली की चिकट साखर नि प्रोटीनचे धागे सोडून एकमेकांना धरून बसतात. वर सुरकुत्या पडलेला पापुद्रा तयार होतो, त्यावर पाण्याचा थेंब सोडा, थेंब गोल तसाच बसून राहतो, आत मुरत नाही! पोहता न येणारे म्युटंट, म्हणजे जनुकात बदल झालेले बॅक्टेरिया, घेतले तर हाच पापुद्रा उशिरा धरतो.

बरं, एकदा चिकटायचं ठरलं की पोहणं थांबवायचं कसं? त्याचीही सोय आहे. ईपीएसई नावाचं प्रोटीन चिकट पदार्थ बनवायला मदत करतं आणि तेच शेपटीची मोटर सोडवून टाकतं, २००८ साली हे सापडलं तेव्हा शास्त्रज्ञांनी त्याला क्लचच म्हटलं. एवढ्याशा जिवात ही यंत्रणा, मला तर दरवर्षी शिकवताना नवल वाटतं.

टाकीत वेगवेगळ्या जातींचे बॅक्टेरिया असतात पण चिकटपणाची अडचण तीच. क्लोरीन वरच्या चिकट थरातच खर्च होतो, आत पुरेसा पोचत नाही, आतले जगतात नि सुटून परत पाण्यात येतात.

तेव्हा पुढच्या वेळी छापताना क्रमही द्या ही विनंती. टाकी रिकामी करा, पाण्याची रेषा नि कोपरे ब्रशने घासा, ते पाणी काढून टाका, मग औषध.

आपली,
एक वाचक, मिरज