क्षेत्रीय कार्यालयातल्या त्या सगळ्यांचे आभार

पुण्यातल्या आमच्या भागाची मोहल्ला समितीची बैठक, म्हणजे पाणी, कचरा, दिवे, पार्किंग सगळं एकाच टेबलावर. आईला व्हीलचेअरवरून घेऊन गेले होते. दारातच पायऱ्या. तोच दोघा तरुणांनी खुर्ची अलगद उचलून आत नेली. नावं विचारायचं राहूनच गेलं.

पार्किंगचा विषय निघाला आणि आवाज चढले. आमच्या गल्लीत सम-विषम तारखेची पाटी आहे, तरी गाड्या दोन्ही बाजूंना लागतात. रुग्णवाहिका वळत नाही. मागच्या रांगेतल्या काकूंनी “आधी हिचं ऐकून घ्या” म्हणून सभा शांत केली. शेजारच्या काकांनी माझ्या अर्जामागे नकाशाच काढून दिला: ड्रेनेजच्या झाकणापासून दिव्याच्या खांबापर्यंत पिवळे पट्टे. किती नेमकं!

आवक-जावकच्या ताईंनी अर्जावर पोच दिली, शिवाय आपणहून सांगितलं, की पट्टे महापालिका मारते, पण नो-पार्किंगचा आदेश वाहतूक शाखेचे पोलीस उपायुक्त काढतात, तिथेही प्रत द्या. ही एवढी माहिती नसते म्हणून कितीतरी अर्ज अडकून पडतात.

अर्ज दोन्हीकडे दिला आहे. तुमच्यापैकी कुणी हे वाचत असाल, तर आईचा आणि माझा मनापासून नमस्कार. पुढच्या बैठकीला नक्की या, तेव्हा नावं विचारेन.